दत्तक शुल्क भरले, लसीचे कार्ड मात्र वाचले नाही

गेल्या आषाढात आम्ही कुत्र्याचे एक पिल्लू दत्तक घेतले आणि सातव्या दिवशी ते गमावले. ज्या माणसाने आम्हाला फसवले त्याच्या जाहिराती अजून सुरू आहेत, म्हणून घडले ते जसेच्या तसे लिहीत आहे.

जाहिरात मोबाइलवर आली होती. रस्त्यावर सापडलेले, चार महिन्यांचे, लसीकरण पूर्ण झालेले आणि डॉक्टरांनी तपासलेले पिल्लू. दत्तक शुल्क साडेचार हजार रुपये, शिवाय दोन हजार रुपये अनामत, जी पुढे नसबंदीचा दाखला पाठवल्यावर परत मिळणार होती. शुल्क मागितले म्हणून मला शंका आली नाही, आणि आजही त्यात मला गैर काही वाटत नाही. बेवारस कुत्र्यांचा सांभाळ करणारी माणसे लसी, जंताचे औषध, खाणेपिणे यांवर पदरचा पैसा घालतात, आणि त्यातला काही भार दत्तक घेणाऱ्याने उचलावा हे रास्तच आहे. ज्या कामांसाठी शुल्क मागितले ती खरोखर झाली आहेत की नाहीत, हे पाहण्याआधीच मी पैसे पाठवले, ही माझी चूक.

पिल्लू ठेवले आहे ती जागा पाहू द्या, असे मी म्हणालो होतो. "तिथं आजारी कुत्री आहेत, बाहेरच्यांना आत सोडत नाही," असे उत्तर आले आणि ते मला पटले. दुसऱ्या दिवशी जालन्याच्या बसस्थानकाबाहेर एका तरुणाने पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू आणि शिक्का मारलेले लसीचे कार्ड आमच्या हाती दिले. मुलीने पिल्लाला मांडीवर घेतले, परभणी येईपर्यंत त्याचे नाव मोत्या ठेवून झाले, आणि कार्ड उघडण्याचे भान आम्हा कोणालाच राहिले नाही.

चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी विष्ठेची तपासणी केली, आणि दहा-पंधरा मिनिटांत पार्व्होचे, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचे, निदान झाले. सलाईन लावल्यावर त्यांनी कार्ड मागितले, आणि आधी ते न वाचता पिल्लाचे तोंड उघडून मला दाखवले. साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास कुत्र्याचे पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात. मोत्याचे सगळे दात सुईसारखे बारीक, दुधाचेच होते, आणि त्याचे वय फार तर दोन महिने असावे असे ते म्हणाले. रेबीजची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांनंतर देतात, तरीही कार्डावर ती दिल्याची नोंद होती. लसीच्या बाटलीवरचे जे स्टिकर कार्डावर चिकटवतात, त्यांपैकी एकावरची मुदत लस दिल्याच्या तारखेआधीच संपलेली होती. शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर पाच दिवस होते.

पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात, त्यामुळे मोत्या तो आजार तिकडूनच घेऊन आला असावा. या रोगाच्या विषाणूवर नेमके औषध सहसा मिळत नाही. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शने आणि प्रतिजैविके देऊन पिल्लाला तगवावे लागते, आणि ते इतके लहान असेल तर ते फार कठीण असते. दोन रात्री आम्ही आळीपाळीने त्याच्याजवळ बसलो. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

त्यानंतर आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पैसे गेल्यावर जितक्या लवकर कळवावे तितकी ते खात्यात रोखले जाण्याची शक्यता अधिक असते. आमचा आठवडा उलटून गेला होता. त्या माणसाने माझा क्रमांक ब्लॉक केला, पण बहिणीच्या मोबाइलवर त्याची जाहिरात अजून दिसते. मजकूर तोच, पिल्लू दुसरे.

म्हणून कळकळीने सांगतो, पैसे देण्याआधी पिल्लू आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे आपल्याच खर्चाने दाखवू द्या, एवढी एक अट घाला. जो खरोखर जीव लावून सांभाळतो, त्याला या अटीने आनंदच वाटेल. कार्डावरच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून त्या तारखांची खात्री करा. दोन महिन्यांच्या पिल्लाचे लसीकरण 'पूर्ण' झाले असे कोणी सांगितले तर तिथेच थांबा, कारण पार्व्होच्या लसीचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत द्यावे लागतात. मोठे कुत्रे घेत असाल तर गोचीडतापासाठी रक्तही तपासून घ्या. आपल्या भागात गोचिड्यांचा त्रास मोठा आहे.

पार्व्होचा विषाणू मातीत अनेक महिने जिवंत राहतो. घरातली फरशी आम्ही ब्लीचिंगच्या पाण्याने धुतली, पण अंगण मातीचे आहे, आणि लस न झालेले पिल्लू वर्षभर तिथे येऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. दिवाळीनंतर गल्लीतल्या कुत्रीला पाच पिल्ले झाली. ती फाटकाखालून आत शिरू नयेत म्हणून मुलीने आणि मी तिथे तारेची जाळी ठोकली.