गंगाधरचा चष्मा आणि जैकालची प्रयोगशाळा

पानठेल्यावर ‘शक्तिमान’चा विषय निघाला की अर्धा तास सहज जातो. वऱ्हाडात निघो की झाडीपट्टीत, पहिला सवाल ठरलेला: खलनायक म्हणून भारी कोण, तमराज किलविष की डॉक्टर जैकाल? “किलविष करते काय सांग? अंधारात उभा रायते अन् हुकूम सोडते,” असं एकानं म्हणायचं. दुसऱ्यानं तिथंच अडवायचं, “अबे, हुकूम सोडणाराच त मालक असते!” उडणाऱ्या सुपरहिरोची ही हिंदी मालिका दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २००५ मध्ये थांबली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत ती परत दाखवली, तेव्हा ज्यांचं लहानपण तिच्यावर गेलं ते आता बाप झाले होते. त्यामुळे घराघरात हाच वाद नव्यानं पेटला. पुन्हा पाहायची असेल किंवा पोरांना दाखवायची असेल तर तिच्यात टिकलेलं काय आणि पिचलेलं काय, ते नीट समजून घेणं बरं.

टिकलं आहे ते बोलणं. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना आणि किलविष झालेले सुरेंद्र पाल, दोघंही ‘महाभारत’ मालिकेतून आलेले. एक भीष्म, दुसरे द्रोण. लांबलचक वाक्य एका दमात, एकही अक्षर न गिळता फेकायची दोघांनाही सवय. म्हणून हे दोघं समोरासमोर येतात तेव्हा कॅमेऱ्याला फारसं काही करावं लागत नाही. किलविषचं “अंधेरा कायम रहे” आजही अंगावर येतं ते आवाजामुळं. ‘अंधेरा’ तो जड करतो, ‘कायम’वर रेंगाळतो आणि शेवटचं ‘रहे’ खाली सोडून देतो. गावातली पोट्टी त्याची नक्कल करताना सगळी ताकद पहिल्याच शब्दात घालवतात, म्हणून ती जमत नाही.

पण भीती घालणं आणि गोष्ट पुढं नेणं ही दोन वेगळी कामं. किलविषचा दोष लिखाणात आहे. तो कुणाला तरी पाठवतो, तो हरतो, किलविष चिडतो, नवा पाठवतो. साडेसात वर्षं हेच चाललं तर पाहणाऱ्याला पुढचं आधीच कळतं. जैकालचं तसं नाही. ललित परिमू यांनी रंगवलेला हा शास्त्रज्ञ काहीतरी बनवतो. प्रयोग फसतो, तो खवळतो, परत मांडतो. खलनायक कामाला लागला की भागाला आपोआप सुरुवात, मध्य आणि शेवट मिळतो. ‘पॉवर’ हा एकच शब्द तो किती तऱ्हांनी म्हणतो, ते कान देऊन ऐकावं: हावरटपणानं, आनंदानं, कधी स्वतःशीच पुटपुटल्यासारखा. माझा निकाल असा: धाक किलविषचा, गोष्ट जैकालची. आणि मालिका गोष्टीवर चालते.

शलाका, म्हणजे काली बिल्ली, हे पात्र अश्विनी काळसेकर यांनी केलं. चर्चेत तिचं नाव कमीच येतं, पण तिच्या नजरेतला थंडपणा बाकी हस्तकांच्या आरडाओरडीपेक्षा जास्त लक्षात राहतो.

गंगाधरवर, म्हणजे शक्तिमान वेश बदलून लोकांत वावरतो त्या रूपावर, जरा थांबायला हवं. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, ‘आज की आवाज’ या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. पुढं आलेले दात, मोठा चष्मा. चष्मा लावला की माणूस ओळखू येत नाही हे कोण मानेल, असा आक्षेप कायम घेतात. आवाज बंद करून गंगाधरचा एक प्रसंग पाहावा आणि लगेच शक्तिमानचा एक. गंगाधरचे खांदे पुढं पडलेले, मान आधी जाते आणि पाय मागून येतात. हात एका जागी ठरत नाहीत. शक्तिमान आला की मान स्थिर, हात कमरेवर, पापणीसुद्धा सावकाश हलते. आता आवाज चालू करावा. गंगाधर वरच्या पट्टीत घाईनं बोलतो, शक्तिमान खालच्या पट्टीत सावकाश. चष्मा आणि दात ही वरची सजावट झाली. वेश बदलला आहे तो चालीत आणि आवाजात. मालिका सुरू झाली तेव्हा खन्ना ३९ वर्षांचे होते. त्या वयात हे दोन्ही देह एकाच भागात आलटून पालटून उभे करणं सोपं नव्हतं.

गंगाधरची भाषा विदर्भात जेवढी रुजली तेवढी महाराष्ट्रात बाकी कुठं रुजली असेल असं वाटत नाही. नागपूर जुन्या मध्य प्रांताची आणि पुढं १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी इथं बाजारात, कचेरीत, एसटीत आधीपासून आहे. पण ती हिंदी ‘अपने को क्या करना’ छापाची. गंगाधर बोलतो ती पोथीतली हिंदी, संस्कृत शब्दांनी भरलेली. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या पोट्ट्याला हे शब्द शाळेतल्या मराठीच्या पुस्तकातून आधीच ओळखीचे असायचे. मास्तरांच्या तोंडी जड वाटणारा शब्द गंगाधरच्या तोंडी हसू आणतो, आणि त्या हसण्यात अर्थही डोक्यात बसतो.

गंगाधरसोबतची बातमीदार गीता विश्वास, तिचं काम आधी किटू गिडवाणी यांनी केलं, मग वैष्णवी महंत आल्या. दोन्ही बाजूंचे चाहते आजही हटत नाहीत. गिडवाणींची गीता जास्त करडी, खरी बातमीदार वाटणारी. वैष्णवींची गीता गंगाधरसोबतच्या प्रसंगांत फुलते. त्याच्यावर वैतागते आणि त्याची काळजीही घेते. मालिकेचा अर्धा विनोद या जोडीवर उभा आहे, म्हणून माझं मत वैष्णवींना.

आता पिचलेली बाजू. उड्डाणाचे प्रसंग आज मोठ्या टीव्हीवर पाहवत नाहीत, आणि त्याचं कारण फक्त पैसा नाही. नट एकरंगी पडद्यापुढं उभा करायचा, नंतर तो रंग काढून तिथं आभाळ बसवायचं, अशी ती रीत. त्या काळच्या व्हिडिओत उजेडाची माहिती बारीक नोंदली जायची, रंगाची मात्र भरड. त्यामुळे रंग पाहून कापायला गेलं की केसांची आणि बोटांची कड तुटते, भोवती एक थरथरती रेघ राहते. दुसरी चूक उजेडाची. स्टुडिओतला दिवा समोरून पडतो, मागच्या आभाळात ऊन वरून. हनुवटीखालची सावली पाहिली की डोळा लगेच ओळखतो. गरगर फिरून उडायची कल्पना मात्र हुशारीची: देह वेगात फिरला की कडा दिसतच नाहीत, झाकून जातात.

कथेतही ढिलाई आहे. सुरुवातीचे भाग घट्ट आहेत: सूर्यांशी पंथ, पंचमहाभूतं, कुंडलिनी आणि सात चक्रं, महागुरूंच्या भूमिकेत टॉम ऑल्टर. नायकाची ताकद अपघातानं आलेली नाही, साधनेनं आलेली आहे, हा विचार वारीला जाणाऱ्या आणि सकाळी सूर्यनमस्कार घालणाऱ्या घरात समजावून सांगावा लागत नाही. पुढं मात्र दर काही भागांनी नवा राक्षस येतो, प्रवचन लांबतं, आणि मागं सांगितलेलंच परत सांगतात. नव्यानं पाहणाऱ्यानं सुरुवातीचे भाग सलग पाहावेत, मग जैकाल असलेले भाग निवडावेत, बाकीचे पुढं सरकवावेत. २०११ ची कार्टून मालिका आणि २०१३ चा टीव्हीवरचा चित्रपट वगळले तरी काही बिघडत नाही.

पाहायचं कसं? प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे ॲप आणलं, त्यात जुन्या मालिकांसोबत ‘शक्तिमान’ही दिली. मूळ चित्रच ५७६ रेघांचं, त्यामुळे मोबाईलवर ४८० पी, म्हणजे ४८० रेघांचं चित्र, पुरेसं. त्यावर गेलं तर डेटा जळतो, चित्र सुधारत नाही. ३६० पी ठेवलं तर एका भागाला अंदाजे १०० ते १२० एमबी लागतात. गावात संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते आणि चित्र अडकतं, सकाळी लवकर पाहिलं की सुरळीत चालतं. मोठ्या टीव्हीवर लावलं तर चेहरे रुंद दिसतात. कारण मालिका ४:३ चौकटीची आहे आणि टीव्ही ती ताणून १६:९ करतो. रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं बटण शोधून ४:३ करावं. दोन बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्याव्या. गरगर फिरताना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर प्लेअरमधलं ‘डीइंटरलेस’ चालू करावं. जुना व्हिडिओ एक चित्र दोन अर्ध्यांत दाखवतो, आणि जलद हालचालीत हे अर्धे जुळत नाहीत.

पोरांना दाखवताना एक गोष्ट विसरू नये. मालिका चालू होती तेव्हा शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीनं मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या येत होत्या, आणि असं करू नका हे मालिकेतूनच सांगावं लागलं. शेवटी येणारा ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ हा तुकडा सवयींसाठी चांगला आहे. चूक केलेलं पोर “सॉरी शक्तिमान” म्हणतं तेव्हा ते खोटं वाटत नाही. पण गावात माळा आहे, विहीर आहे, कुटाराचा ढीग आहे. नुसतं ‘उडी मारू नको’ म्हणून भागत नाही. उडणं कसं बनवतात तेच दाखवावं.

त्यासाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद भडक हिरवं कापड लागतं, साधं सुती. चमकणारं नको, नाहीतर डाग उमटतात. सुरकुत्या काढून ओसरीच्या भिंतीवर ताणून बांधावं. ढगाळ दिवस किंवा सावलीतला सारखा उजेड हवा, कडक उन्हात कापडावर पोराची सावली पडते आणि तिथं रंग कापला जात नाही. पोराच्या अंगावर हिरवा कपडा नसावा, नाहीतर पोटाला भोक पडतं. कापडापासून दीड मीटर पुढं बुटकं, पक्कं स्टूल ठेवून त्यावर त्याच रंगाचा तुकडा टाकावा. पोरानं त्यावर पालथं पडून हात पुढं करावेत. स्टूल कापडाच्या फार जवळ घेतलं तर गालावर हिरवी झाक येते. फोन आडवा, कशावर तरी टेकवलेला, २० सेकंदांचं शूटिंग पुरे. मग व्हिडिओ जोडायच्या ॲपमध्ये आधी गच्चीवरून काढलेलं वावराचं चित्र टाकावं, त्यावर पोराचा व्हिडिओ ठेवून ‘क्रोमा की’ निवडावं आणि हिरव्यावर बोट ठेवावं. ताकद हळूहळू वाढवावी. केस खाल्ले जायला लागले की एक पायरी मागं यावं. कड थोडी थरथरेल, तशीच जशी मालिकेत थरथरते.

पोर स्वतःला तुरीच्या वावरावरून उडताना पाहतं, हसतं, परत पाहतं, आणि मग विचारतं, “स्टूल कुठं गेलं?” तेव्हा कापड उचलून दाखवावं.