नोव्हसच्या तीन बाटल्या आणि १९७८ ची ‘माता हारी’

जुनं पिनबॉल मशीन, म्हणजे काचेखालच्या उतरत्या पाटावर पोलादी गोळा टोलवत गुण मिळवायचं यंत्र, घरी साफ करायचं मनात असेल, तर नोव्हस पॉलिशची दोन नंबरची बाटली डोळे झाकून घ्या. एक नंबरची पुढे उपयोगी पडते. तीन नंबरची फार थोड्या कामाला लागते आणि ती प्लेफील्डच्या, म्हणजे गोळा फिरतो त्या रंगवलेल्या लाकडी पाटाच्या, जवळपासही नेऊ नका. गेले चार महिने दर शनिवार-रविवार गॅरेजमध्ये बसून जे काम केलं, त्यावरून हे सांगतोय.

मशीन बॅली कंपनीचं, नाव ‘माता हारी’, साल १९७८. आखणी जिम पॅटला यांची, चित्रं डेव्ह क्रिस्टेन्सन यांची. बॅलीनं ही सोळा हजारांवर मशिनं काढली, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. नवशिक्यानं जुनं मशीन घेताना ही गोष्ट आधी बघावी. मी १९९४ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये शिकायला आलो, तेव्हा कपडे धुवायला जायचो त्या दुकानाच्या कोपऱ्यात हेच मशीन होतं. कपडे वाळेपर्यंत पंचवीस सेंटात एक डाव. डावीउजवीकडे चार-चार ड्रॉप टार्गेटं (गोळा लागला की खाली पडणाऱ्या पट्ट्या), वर ‘ए’ आणि ‘बी’ अशा वाटा, आणि फ्लिपरवरून, म्हणजे गोळा टोलवणाऱ्या दांडीवरून, गोळा सुटला की मनगटापर्यंत येणारा तो ठोका. म्हणून इलिनॉयमधल्याच नेपरव्हिलमध्ये आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे, विकायला काढलेल्या एका घराच्या तळघरात हे मशीन दिसलं, तेव्हा मी घासाघीस केली नाही.

काच सरकवून बाहेर काढली आणि आतला वास आला. जळकं रबर, जुनं मेण, ओल. बोट फिरवलं तर काळं, आणि ते साधं धुळीचं काळं नव्हे. ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं काम समजतं. पिनबॉलचा गोळा पोलादी असतो, २७ मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे ८० ग्रॅम वजनाचा. तो पोस्टांना, म्हणजे छोट्या खुंट्यांना, गुंडाळलेल्या रबरी रिंगांवर आपटतो, त्यांचे कण झडतात. लोखंडी मार्गांवर घासतो, तिथून धातूची पूड सुटते. खालच्या कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, विजेच्या ओढीनं दांडा वरखाली होतो, तिची काजळी फटींतून वर येते. मग हाच गोळा ते सगळं मिश्रण घेऊन रंगावरून फिरत राहतो. म्हणजे घाण नुसती बसलेली नसते, ती पॉलिशपेपरसारखी रंग खात असते. न पुसता आणखी एक डाव खेळणं म्हणजे चित्राचा आणखी एक थर घालवणं. मशीन घरी आलं त्या दिवशी लेक म्हणाली, “बाबा, एकदा लावून तर बघू या ना!” मी नाही म्हणालो. वायरसुद्धा भिंतीत लावली नाही.

ही वायर काढून ठेवणं फार महत्त्वाचं. या काळातल्या बॅलीच्या कॉइलना ४३ व्होल्ट जातात, आणि गुण दाखवणाऱ्या केशरी आकड्यांना १९० व्होल्टच्या आसपास. दुसरी गोष्ट, प्लेफील्ड उचलून उभं करण्याआधी गोळा बाहेर काढा. तो आत राहिला तर मागे घरंगळत जातो आणि सरळ बॅकग्लासवर, म्हणजे मागच्या उभ्या चित्राच्या काचेवर, आदळतो. रंगवलेली ती काच गेली तर तशी दुसरी मिळवणं महागात पडतं.

आता पॉलिश. नोव्हस मुळात पिनबॉलसाठी बनलेलं नाही, ते प्लास्टिकचं पॉलिश आहे. मोटरसायकलच्या पुढच्या पारदर्शक काचा, ॲक्रिलिकच्या वस्तू अशांसाठी. तीन बाटल्यांचा संच मला तीस डॉलरांच्या आत पडला. एक नंबर पातळ आहे, त्यात घासणारं काही नाही, पुसायचं आणि चकाकी आणायची. दोन नंबर दुधी आणि दाटसर, त्यात अगदी बारीक कण असतात आणि ते हलके ओरखडे काढतात. तीन नंबरचे कण त्याहून भरड.

बाटली उघडण्याआधीचं काम मोठं आहे आणि ते कोणतीच बाटली करून देत नाही. आधी मऊ ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं सुटी घाण ओढून घ्या. तिच्यावरच पॉलिश चोळलं तर आपणच ओरखडे पाडू. मग वरची सगळी प्लास्टिकं, पोस्ट, रिंगा काढायच्या. प्रत्येक भाग काढायच्या आधी फोटो, आणि त्याचे स्क्रू त्याच्याच पिशवीत, पिशवीवर नाव. मी १४० फोटो काढले आणि परत बसवताना त्यातले निम्मे तरी पुन्हा उघडून बघितले. या पायरीला आळस केला असता तर मशीन आजही खोक्यांत असतं.

मग दोन नंबर. बाटली चांगली हलवायची, साका तळाशी बसतो. जुन्या धुवट सुती बनियनच्या तुकड्यावर वाटाण्याएवढं घ्यायचं, आणि एका वेळी तळहाताएवढीच जागा. मी उजवीकडच्या ड्रॉप टार्गेटांसमोरून सुरुवात केली. गोल गोल, बोटाच्या टोकांनी, जोर न देता. पहिल्या मिनिटात कापड करडं झालं, दुसऱ्यात काळं. पॉलिश वाळून धुकट झालं की कोऱ्या कापडानं पुसून घ्यायचं. मग तीच जागा पुन्हा. तिथे मी पाच फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीनंतर जो भाग मी तपकिरी समजत होतो, तो लाल निघाला. मी दिव्याची मान वाकवून जवळ आणली आणि बघतच राहिलो. छपाईच्या दोन रंगांच्या मधली बारीक काळी रेघ, सरळ, न तुटलेली, पंचेचाळीसहून जास्त वर्षं त्या घाणीखाली तशीच होती. एवढी जागा व्हायला चाळीस मिनिटं लागली. पूर्ण प्लेफील्डला सात रविवार गेले, आणि एकही वाया गेला असं वाटत नाही.

जिथे पॉलिशचं काही चालत नाही ते पण सांगतो. रंगावरच्या जुन्या लाकरच्या, म्हणजे पारदर्शक लेपाच्या, थराला केसाएवढ्या भेगा पडतात. त्यांत उतरलेली काजळी वरून घासून येत नाही. उलट दुधी पॉलिश भेगेत शिरतं आणि पांढरं वाळतं. दिव्यावर बसवलेल्या गोल प्लास्टिक चकतीच्या, म्हणजे इन्सर्टच्या, कडेलाही तेच होतं, कारण लाकूड आणि प्लास्टिक वर्षानुवर्षं वेगवेगळं आक्रसतं आणि कडेला खाच पडते. तिथे पॉलिश कमी घ्या आणि दात घासायच्या मऊ ब्रशनं लगेच काढा, वाळू देऊ नका.

चूक माझ्याकडून झाली ती इथेच. बाहेर जाणाऱ्या डाव्या वाटेजवळ घाण फारच खोल होती. मेलामाइनचा पांढरा स्पंज आणि ९१ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, हा उपाय अनेक जण करतात म्हणून मीही केला. घाण गेली. पण मी हात थांबवला नाही, आणि अल्कोहोलनं मऊ झालेलं लाकर निघून नखाएवढा पिवळा रंग कापडावर आला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. नंतर ॲक्रिलिक रंग मिसळून मिसळून, बारीक ब्रशनं तो ठिपका भरला. उभ्यानं दिसत नाही, वाकून बघितलं की मला दिसतो. स्पंज वापरायचाच असेल तर दर दहा सेकंदांनी कापड बघा. काळ्याऐवजी रंग दिसला की तिथेच थांबा.

तीन नंबर मी फक्त वरच्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर वापरलं, तेही ओरखडे खोल होते अशा चारच तुकड्यांवर. आधी तीन, मग दोन, मग एक, हाच क्रम. लक्षात ठेवा, या तुकड्यांचं चित्र खालच्या बाजूनं छापलेलं असतं. घासायचं ते वरून. खालून ओला हातसुद्धा लावू नये. बॅकग्लासचंही तसंच. पुढची बाजू कापडावर क्लीनर घेऊन पुसा. मागचा रंग सुटायला आलेला असतो, त्याला स्पर्श नको.

आमच्या अण्णांचे इचलकरंजीत माग होते. दर शुक्रवारी माग बंद ठेवून आधी तूस काढायचं आणि मग प्रत्येक सांध्याला तेल द्यायचं, हे लहानपणापासून हातात बसलेलं. इथे मात्र ती सवय मोडावी लागली. पिनबॉलच्या कॉइलमध्ये नायलॉनची नळी असते आणि दांडा तिच्यात कोरडाच चालायला हवा. तेल टाकलं की काजळी चिकटून चिखल होतो. फवाऱ्याचं वंगण तर तिथे ज्वलनशील, आणि बाजूलाच स्विचच्या ठिणग्या. नळ्या स्वस्त असतात, जुन्या काढून नव्या घाला, दांडा पुसा, झालं. या मशीनचे बारीक स्विच सोन्याचा मुलामा दिलेले असतात, त्यांना कानस लावू नका. जाड कार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून दोन टोकांमधून ओढली की पुरतं. आणि स्टील वूल मशीनच्या आसपास अजिबात नको, त्याचे तंतू जिथे पडतील तिथे शॉर्ट.

रबरी रिंगांचा संच मशीनच्या नावानंच मिळतो, मार्को स्पेशालिटीज किंवा पिनबॉल लाइफसारख्या दुकानांत. मी पांढऱ्या घेतल्या. काळ्या जास्त टिकतात म्हणतात, पण त्यांची पूड मी नुकतीच सात रविवार पुसली होती. गोळाही नवाच घ्या. जुन्यावर गंजाचे खड्डे असतील तर सगळी मेहनत तो महिन्याभरात खाऊन टाकेल.

शेवटी मेण. नोव्हसनं रंग उघडा होतो, पण राखत नाही. त्यावर शुद्ध कार्नौबा मेणाचा पातळ हात हवा. हे ब्राझीलमधल्या ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण, कडक बसतं. पातळ लावायचं, वाळू द्यायचं, पुसायचं, परत एकदा. पहिला गोळा सोडला तेव्हा तो इतका वेगानं खाली आला की मला फ्लिपर मारायला सुचलंच नाही. कॅरमला पावडर टाकल्यावर सोंगटी जशी सुटते, तसा.

इलेक्ट्रॉनिक बोर्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या रेघा खाल्ल्या होत्या. ते काम माझ्या हातचं नव्हतं, जाणकाराकडे दिलं. बोर्ड परत बसवून वायर लावली, तेव्हा आतला छोटा लाल दिवा एकदा थरथरला आणि मग लुकलुकायला लागला. सात वेळा लुकलुकला तर सगळं ठीक, असा या बोर्डाचा हिशोब आहे. लेक मोठ्यानं मोजत होती. सहाव्यानंतर थोडा थांबला, मग सातवा.

आता बाटल्यांचं बघा. दोन नंबरची पाऊण संपली. तीन नंबरची जवळजवळ भरलेली आहे. एक नंबर महिन्यातून एकदा प्लास्टिकांवर फिरवतो, त्यानं धूळ कमी चिकटते. म्हणून पुन्हा घ्यायची वेळ आली तर संच घेणार नाही. दोन नंबरची मोठी बाटली आणि एक नंबरची छोटी, सुट्या. उरलेल्या पैशांत एक जास्तीचा गोळा आणि बनियनचे धुतलेले तुकडे भरपूर, कारण कापड काळं झाल्यावर तेच उलटून वापरायचा मोह होतो आणि तिथेच ओरखडा पडतो.