वाळा घ्यायचाय? मुळी, पावडर, सरबत की उशीरासव, कुठल्या कामाला काय

उन्हाळा तापला की कोल्हापुरात माठ बाहेर निघतात आणि लगेच वाळ्याची आठवण होते. पण आता दुकानात गेलं की एकाच वाळ्याची चार-पाच रूपं समोर येतात, मुळ्यांची जुडी, पावडरचं पाकीट, हिरवंगार सरबत, उशीरासवाची बाटली आणि छोट्या शिशीतलं महागडं तेल. सगळ्यांची जाहिरात एकच, 'थंड'. त्यामुळं माणसाला वाटतं की काहीही उचललं तरी चालतंय. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि एखाद-दुसऱ्याला तर औषध म्हणण्यात काही अर्थच नाही.

आयुर्वेदात वाळ्याला उशीर म्हणतात. चवीला कडवट-गोडसर, वीर्य म्हणजे शरीरावर होणारा परिणाम शीत, पित्त आणि कफ कमी करणारा. चरकसंहितेत दाह शमवणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात तो आहे, वर्ण सुधारणाऱ्या गणात आहे आणि उलटी थांबवणाऱ्या गणातही आहे. तहान, ताप, अंगाची आग, उन्हाळी लागणं, जादा घाम, घोळणा फुटणं, या सगळ्यात त्याचा वापर पूर्वीपासून होत आलाय. आता हे सगळं परंपरेतलं झालं, आजच्या पद्धतीनं वाळ्याचे प्रयोग झालेत ते बरेचसे प्रयोगशाळेत नाहीतर उंदरांवर, माणसांवरचं काम कमीच आहे, त्यामुळं 'वाळ्यानं अमुक रोग बरा होतो' असं कुणी छातीठोक सांगायला लागला की सरळ पुढच्या दुकानात जावा.

मुळी

रोजच्या पाण्यासाठी माझं मत मुळीलाच. पैसे कमी लागतात, साखर नाही, रंग नाही, आणि आपण काय पितोय ते डोळ्यानं दिसतंय. घेताना बारीक, तारेसारखी, पिवळट तपकिरी मुळी बघायची. कोरडी असताना वास बेताचाच येतो, म्हणून दोन-चार काड्या ओल्या करून हुंगायच्या, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर माल चांगला, नाहीतर तो जुना तरी असतोय किंवा तेल काढून घेतलेला चोथा तरी. आणि हो, दुकानात 'काळा वाळा' म्हणून वेगळी वनस्पती मिळते, काढ्यांत तीही लागते पण माठात टाकायला आपल्याला साधा वाळाच पाहिजे, तेव्हा नीट सांगून घ्या.

घरी आणल्यावर धुवायचा मात्र कंटाळा करू नका. या मुळ्या जमिनीत खोल जातात, पार दोन-तीन मीटरपर्यंत, त्यामुळं माती अगदी धाग्याधाग्यात बसलेली असते. पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, सुती दोऱ्यानं बांधायची किंवा मलमलच्या फडक्यात पोटली करायची, रात्री माठात सोडायची आणि सकाळपासून प्यायचं. पाणी रोज नवीन. दोन-तीन दिवसांनी मुळी काढून कडक उन्हात वाळवली की परत चालते, वास गेला किंवा बुळबुळीत लागली की टाकून द्यायची. एवढ्या हलक्या पाण्यानं आजार जात नाही, पण जेवणात तांबड्या रश्श्यावर ताव मारून दुपारी उन्हात फिरायचं असेल तर त्या दिवशी या पाण्यासारखं दुसरं काही नाही, तहान भागते आणि माणूस पाणी जास्त पितो, अर्धा फायदा तर तिथंच झाला.

सरबत

बाटलीतलं हिरवं सरबत चवीला भारीच, ते नाकारत नाही. पण वाळ्याच्या मुळीचं पाणी कधीच हिरवं होत नाही, फिकट पिवळसरच राहतं, म्हणजे तो हिरवा रंग वरून घातलेला. बाटली उलटी करून मागं घटक वाचा, बहुतेक ठिकाणी आधी साखर, मग पाणी, मग रंग आणि फ्लेवर, काहीत खरा वाळा नावाला असतो आणि काहीत तोही नसतो. पाहुणे आले, पोरं मागतायत, द्या की. फक्त 'शुगर आहे पण वाळा थंड असतो म्हणून चालतंय' असं म्हणून पिऊ नका. सरबतच पाहिजे असेल तर मुळी रात्रभर भिजवून, ते पाणी गाळून त्यात साखरेचा पाक करा, वर लिंबू पिळा, रंग येणार नाही पण वास खरा येईल.

पावडर

पावडर लोक प्यायला घेतात, पण माझ्या मते तिचा खरा उपयोग लावायला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थान या पहिल्या भागात कुठल्या कामाला सगळ्यात चांगलं काय अशी एक मोठी यादी आहे, त्यात दाह, त्वचेचे दोष आणि जादा घाम यांच्यासाठी लेप करायचा तर लामज्जक आणि उशीर सर्वांत श्रेष्ठ असं म्हटलंय. लामज्जक म्हणजे वाळ्यासारखंच दुसरं एक सुगंधी गवत. आपण मात्र वाळा पिण्यातच अडकलोय. घामोळं उठलं की बारीक वस्त्रगाळ पावडर गुलाबपाण्यात किंवा साध्या पाण्यात कालवून पातळ लावायची आणि पूर्ण वाळून ताणायच्या आत धुवायची. चंदनाशी तुलना केली तर चंदन उगाळून लावायला मऊ आणि वास जास्त गोड, पण आजच्या भावात खरं चंदन घामोळ्यावर कोण लावणार, आणि स्वस्तात मिळालेल्या 'चंदन पावडर'मध्ये काय असतं ते देव जाणे. घामोळ्यासाठी वाळाच घ्या. आधी मनगटावर थोडा लावून बघा, आणि कातडी फुटलेली किंवा पू झालेला असेल तर तिथं लेप नकोच.

उशीरासव

हे मात्र औषध आहे, सरबत नव्हे. भैषज्यरत्नावली या आयुर्वेदाच्या औषधग्रंथात रक्तपित्ताच्या प्रकरणात याचा पाठ म्हणजे कृती येते, म्हणजे नाकातून वगैरे रक्त जाण्याच्या तक्रारींसाठी. नाव वाळ्याचं असलं तरी आत मोठी फौज आहे, लोध्र, मंजिष्ठा, काडेचिराईत, वड-उंबराच्या साली, शिवाय द्राक्षं, धायटीची फुलं, साखर आणि मध. जटामांसी आणि मिऱ्याची धुरी दिलेल्या भांड्यात हे महिनाभर आंबवायचं असं जुन्या पाठात सांगितलंय. आंबवल्यामुळं त्यात आपोआप थोडं अल्कोहोल तयार होतं, ते लेबलवर छापलेलंही असतं. साधारण 12 ते 24 मिली, तेवढंच पाणी घालून जेवणानंतर, असं वैद्य सांगतात. पण गरोदर बायका, लहान पोरं, शुगरवाले, लिव्हरची तक्रार असलेले यांनी आपल्या मनानं घेऊ नये. आणि वयस्कर माणसाचा घोळणा फुटला तर आधी बीपी मोजायचं, बाटली नंतर. लघवीला जळजळ होतेय आणि सोबत ताप किंवा रक्त दिसतंय, तर लघवी तपासून घ्या, वाळ्यावर दिवस काढू नका.

तापात पाण्यासाठी मला आसवापेक्षा षडंगोदक जास्त आवडतं. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, काळा वाळा आणि सुंठ, सहा जिन्नस पाण्यात उकळून पाणी निम्मं आटवायचं, गार झालं की थोडं थोडं प्यायला द्यायचं. तापातल्या तहानेसाठी चरकानंच सांगितलेलं आहे. काष्ठौषधीच्या दुकानात 'षडंगोदकाचं भरड' म्हटलं की समजतं. हे डॉक्टरच्या औषधासोबत, त्याच्याऐवजी नाही, पावसाळ्यात डेंग्यू फिरत असताना तर अजिबातच नाही.

तेल

तेल सुगंधाची वस्तू. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला तांब्याच्या डेगात मुळ्यांपासून काढलेलं रूह खस (खस म्हणजे वाळाच) महाग असतं आणि असायलाच पाहिजे, कारण तेल मुळीत थोडं आणि सुटायलाही वेळ खातं. पोटात घ्यायचं नाही, कातडीवर नुसतं लावायचं नाही, खोबरेल तेलात थेंबभर मिसळून ठीक. वासाचा शौक असेल तर घ्या, उन्हाळ्यासाठी म्हणून घेत असाल तर तेच पैसे जुडीत घाला, पुढचा सगळा सीझन निघेल आणि माठातून निवृत्त झालेल्या मुळ्या कूलरच्या जाळीत खोचता येतील.