नाना पेठेत जुन्या गाडीचे ब्रेक पार्ट: काय घ्यावं, काय तिथेच सोडावं

जुन्या गाडीचे ब्रेक उघडले की पुण्यात पहिलं नाव निघतं नाना पेठेचं, आणि ते बरोबरच आहे. फक्त अर्धवट माहिती घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हा बाजार सांभाळून घेत नाही. "मारुतीचं ब्रेक किट द्या" एवढंच म्हटलं तर हातात काहीतरी पडतंच. ते बसतंही, पण बरोबर बसलंय की नाही हे कळतं ते कात्रजचा घाट उतरताना.

आधी गाडीचं बोलू. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचे पॅड, शू, चाकातले शू ढकलणारं व्हील सिलिंडर, पेडलने दाब तयार करणारं मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइलचा होज पाइप सगळं एका फेरीत मिळतं. झेन, जुनी ऑल्टो, सँट्रो यांचंही तसंच. इंडिका, सुमो यांचा माल भरपूर आहे, पण तिथे काउंटरवरून उलट प्रश्न येतो: "गिरलिंग की केबीएक्स?" एकाच मॉडेलला दोन पुरवठादारांचे ब्रेक लागत असल्यामुळे हा प्रश्न अगदी रास्त आहे. तो न विचारता डबा पुढे सरकवणाऱ्या दुकानदाराला आपणच विचारावा. पद्मिनी आणि अँबॅसडरसाठी जुन्या, वडिलोपार्जित दुकानांतच चौकशी करावी लागते. ओपेल, देवू यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक "मागवून देतो" असं येतं, म्हणजे मुंबईहून किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटहून. पार्ट नंबर कागदावर लिहून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे आगाऊ देऊ नयेत.

सॅम्पल, म्हणजे काढलेला जुना पार्ट, घेऊन जाणं हा इथला पहिला नियम. मागचे ड्रम उघडताना दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करू नका. एक बाजू तशीच ठेवली की स्प्रिंग कुठल्या भोकात, ॲडजस्टर कुठल्या दिशेला, हे पाहायला नमुना राहतो. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे बऱ्याच गाड्यांत उलटसुलट असतात. ते अदलाबदल झाले तर शू आपोआप जवळ येण्याऐवजी लांब जातात आणि पेडल खोल जायला लागतं.

व्हील सिलिंडरच्या अंगावरचा गंज तारेच्या ब्रशने घासला की ओतीव आकडा दिसतो: ५/८, ११/१६ किंवा ३/४. हे बोअरचं, म्हणजे आतल्या गोल पोकळीच्या व्यासाचं, माप इंचात आहे, म्हणजे अनुक्रमे १५.८७, १७.४६ आणि १९.०५ मिमी. आकडा पुसट असेल तर व्हर्नियर लावून मोजा. अंदाजाने सांगू नका. ११/१६ च्या जागी ३/४ चं सिलिंडर बाहेरून तंतोतंत बसू शकतं, कारण बोल्टची भोकं तीच असतात. पण पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढ्याच दाबाला मागची चाकं तेवढ्या जास्त जोराने धरली जातात. कोरड्या रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. पहिल्या पावसात, ओल्या डांबरावर, मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते.

आता रबर. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना 'जुना कंपनीचा स्टॉक' हे शब्द फार गोड वाटतात. ड्रम, बॅकप्लेट, लिव्हर, ब्रॅकेट अशा लोखंडी वस्तूंसाठी तो सोनंच आहे. रबर किट, होज आणि कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) रबरी बुटांसाठी मात्र तो घेऊच नये. कपाटात पंधरा वर्षं पडलेला कप, म्हणजे पिस्टनची रबरी सील, बाहेरून नवा दिसतो, पण त्याची ओठासारखी कड ताठ झालेली असते. पाकिटावर एमआरपीसोबत महिना आणि वर्ष छापलेलं असतं. आधी ते वाचा. मग कप बोटांत धरून कड आत दाबा. सोडल्याबरोबर ती जागेवर यायला हवी. हळूहळू येत असेल, किंवा कडेवर साच्याची शिवण नखाला लागत असेल, तर पाकीट परत करा. किटमधला हा एवढासा कपच दाब धरून ठेवतो.

फक्त रबराचं किट घ्यायचं की पूर्ण सिलिंडर, म्हणजे असेंब्ली, यावर आमचं मत स्पष्ट आहे. बोअर आतून आरशासारखं असेल तर किट पुरेसं आहे. नखाला खड्डा लागला तर असेंब्लीच घ्या. पॉलिश पेपर मारून गंज दिसेनासा होतो, खड्डा तिथेच राहतो आणि नवा कप त्यावर घासून दोन-तीन महिन्यांत झिरपायला लागतो. मास्टर सिलिंडरच्या बाबतीत तर शक्य तिथे नावाजलेल्या कंपनीचं पूर्ण सिलिंडरच घ्यावं. पेडलवर पाय स्थिर दाबून ठेवला, ते सावकाश खाली जातंय आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर मास्टरचा कप आतल्या आत दाब सोडतोय असं समजायला हरकत नाही.

नाना पेठेची खरी ताकद शू आणि लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरामध्ये) आहे. ज्या गाडीचे तयार शू मिळत नाहीत, तिच्या जुन्या शूंवर नवे लायनर मारून घेता येतात. रिव्हेटवाले लायनर असतील तर रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागाखाली नीट खोल बसली आहेत का ते दुकानातच पाहा. वर राहिली तर ड्रमला रेघा पाडतात. लायनर आणि शूच्या मधे कागद सरकता कामा नये. ड्रम सोबत न्या आणि शू ड्रममध्ये ठेवून पाहा: लायनर मधोमध टेकला पाहिजे, फक्त टोकं टेकत असतील तर ब्रेक चिकटून आवाज करतात. ड्रमला टर्निंग मारायची असेल तर ड्रमवर कोरलेला कमाल व्यास ओलांडायचा नाही आणि दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्याच मापाला आणायचे. लेथवाल्याला हा आकडा आपणच सांगायचा.

जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करण्याची गॅरेजमधली सवय फार वाईट आहे. ब्रेक क्लीनर किंवा ओलं फडकं वापरा, मेकॅनिकच्या फुफ्फुसांसाठी तरी.

पॅड घेताना डब्यावरच्या चित्राला भुलू नका, पॅडच्या कडेला छापलेल्या सांकेतिक ओळीच्या शेवटची दोन अक्षरं पाहा. पहिलं अक्षर थंड पॅडच्या पकडीचं, दुसरं तापलेल्या पॅडच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. सिंहगड किंवा ताम्हिणी नेहमी होत असेल तर दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी पकडीचं असलेला पॅड (जसं एफई) नको. कडेला काहीच छापलेलं नसलेला लोकल माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

होज पाइपबद्दल एक गोष्ट बहुतेक गॅरेजमध्ये सुटते. बाहेरून ठणठणीत दिसणारा होज आतून फुगून बंद होतो. पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जातं, मागे येत नाही, आणि एकच चाक तापत राहतं. चाक जाम असताना कॅलिपरचा निपल (एअर काढायचा स्क्रू) जरा सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, म्हणजे दोष होजमध्ये किंवा मास्टरमध्ये. निपल उघडूनही जाम राहिलं तर पिस्टन किंवा स्लाइड पिन अडकली आहे. ही तपासणी न करता थेट नवं कॅलिपर घेणारे बरेच आहेत. होज जोडीनेच बदला. बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घ्या आणि दोन-चार जास्तीचे मागून घ्या.

ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. खनिज तेल, डिझेल, पेट्रोल, ग्रीस यांतलं काहीही लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. टाकीच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं तर कुणीतरी चुकीचं तेल ओतलंय, आणि मग सगळे कप व होज बदलण्याला पर्याय नाही. कप धुवायचे ते ब्रेक ऑइलमध्येच. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवा असताना किमान २०५ अंश आणि ओल शोषल्यावर १४० अंश सेल्सिअस. डॉट ४ चा २३० आणि १५५. घाटासाठी डॉट ४ घ्या. ते डॉट ३ च्या गाडीत चालतं. सिलिकॉनचं डॉट ५ यांत मिसळायचं नाही. छोट्या गाडीला पूर्ण बदलायला १ लिटर पुरतं. उरलेला उघडा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

बुधवार-रविवारच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात हबकॅप, जॅक, पाने घ्यावेत, ब्रेकचं काहीही नाही. चिखलीच्या कुदळवाडीतली भंगार दुकानं फेब्रुवारी २०२५ च्या कारवाईत मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, त्यामुळे तिकडे जाण्याचा जुना सल्ला आता विसरलेला बरा.

नाना पेठेच्या तक्रारीही आहेत. पार्किंगची आशा धरू नये, बस किंवा दुचाकी बरी. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि पाकीट फोडलं की माल परत घेत नाहीत. म्हणून बिलावर गाडीचं मॉडेल, वर्ष, बोअरचं माप लिहून घ्या. 'न बसल्यास बदलून' हे शब्दही त्यावर असू द्या. सॅम्पल हातात घेऊन, उलटून पाहून, मग आत जाणारा दुकानदार मिळाला की पुढच्या वेळीही त्याच्याकडेच जा.

शेवटी ब्रेकच्या पाइपांतली एअर काढताना पेडल जमिनीपर्यंत दाबू देऊ नका. जुन्या मास्टरच्या तळाशी कप कधी पोचलेलाच नसतो. तिथल्या गंजावर घासून तो फाटतो आणि दोष नव्या पार्टवर येतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर मास्टरपासून लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा. नवे पॅड बसले की मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १५ किमीपर्यंत दहा-बारा वेळा बेताने ब्रेक लावा, दर वेळी मधे थंड होऊ द्या आणि पूर्ण थांबून पाय दाबून ठेवू नका. मग घरी येऊन चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा: एखादं चाक जोडीदारापेक्षा जास्त तापलेलं असेल तर ते त्याच दिवशी पुन्हा उघडा.