रंगवलेल्या टोकांआड: हिकरीच्या लाकडातील फसवणूक

अमेरिकेतील ओहायो राज्यात पारंपरिक लाकडी धनुष्ये घडवणाऱ्या आमच्या छोट्या गटाची हिकरी या उत्तर अमेरिकेतील कठीण, चिवट लाकडाच्या खरेदीत फसवणूक झाली. विक्रेत्याने वापरलेली युक्ती साधी असली, तरी ती या कामातील चांगल्या पद्धतींचाच आडोसा घेते, त्यामुळे जाणकारालाही ती वरवर पाहून ओळखता येत नाही. अलीकडे अनेक मराठी मंडळी या कलेकडे वळत आहेत आणि बहुतेकांचे पहिले लाकूड ऑनलाइनच घेतले जाते, म्हणून घडलेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

धनुष्य वाकते तेव्हा त्याच्या पाठीवर, म्हणजे नेमबाजापासून दूर असलेल्या बाजूवर, ताण पडतो आणि पोटाकडच्या बाजूवर दाब पडतो. ताण सोसण्यात हिकरीची बरोबरी करणारी लाकडे फार थोडी आहेत. पूर्व अमेरिकेतील मूलनिवासी जमातींनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. मॅसॅच्युसेट्समधील सडबरी येथे 1660 मध्ये मिळालेले आणि आज हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात असलेले प्रसिद्ध धनुष्य हिकरीचेच आहे. शॅगबार्क, पिगनट, मॉकरनट या जातींचे लाकूड धनुष्यासाठी विशेष पसंत केले जाते. ओसेज ऑरेंज या धनुष्याच्या दुसऱ्या झाडाचे बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकून आतले एक वलय, म्हणजे एका वर्षाच्या वाढीचा थर, शोधत जावे लागते. हिकरीत मात्र सालीखालचे पहिले पांढरट लाकूडच धनुष्याची पाठ होऊ शकते. या सोयीची दुसरी बाजू अशी की ती पाठ पहिल्या दिवसापासून जपावी लागते.

हे जपणे म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय फसवणूक कुठे होते हे कळणार नाही. सरळ, बिनगाठीचे, सुमारे सहा फूट लांब खोड निवडून ते पाचरी आणि घणाने उभे फोडतात, कारण फोडताना भेग लाकडाच्या तंतूंच्याच वाटेने जाते आणि खोडात पीळ असेल तर तो लगेच उघड होतो. अशा फोडलेल्या दांड्याला स्टेव्ह म्हणतात. वसंताच्या अखेरीस झाडात रस वाहत असताना झाड तोडले, तर साल हाताने ओढून निघते आणि खालची पाठ अखंड राहते; हिवाळ्यात तोडल्यास ती दोन मुठींच्या सुरीने जपून तासावी लागते. साल निघाली की पाठीवर आणि दोन्ही टोकांवर लाख, व्हार्निश किंवा गोंद लावतात, नाही तर ओल झपाट्याने बाहेर पडून तडे जातात. साल तशीच ठेवून लाकूड उन्हाळाभर पडू दिले, तर हिकरी पोखरणारे भुंगेरे सालीखाली अंडी घालतात आणि बुरशीही शिरते. शेवटी लाकूड सावलीत, हवेशीर जागी महिनोन्‌महिने वाळवावे लागते. हिकरी हवेतील ओल पटकन ओढून घेते, म्हणून धनुष्य घडवताना तिच्यातील ओल 6 ते 8 टक्क्यांपर्यंत उतरलेली असावी, असे अनुभवी कारागीर सांगतात. त्याहून ओल्या लाकडाचे धनुष्य तुटत नसले, तरी ओढल्यावर कायमचे वाकून बसते आणि बाणाला वेग देत नाही.

आमच्या विक्रेत्याच्या जाहिरातीत यातील प्रत्येक गोष्ट अचूक लिहिलेली होती. शॅगबार्क हिकरी, वसंतात तोडलेली, हाताने फोडलेली, साल लगेच काढलेली, टोके सीलबंद, दोन वर्षे कोठारात वाळवलेली. छायाचित्रेही उत्तम होती. आम्ही विचारलेल्या प्रश्नांना त्याने फोनवर इतकी समर्पक उत्तरे दिली की हा माणूस स्वतः हे काम करणारा आहे, याविषयी शंका उरली नाही, आणि आजही मला तसेच वाटते. मग त्याने सुचवले की संकेतस्थळामार्फत पैसे न देता थेट खात्यावर पाठवल्यास दहा टक्के सवलत मिळेल. गटातील एकाने तरीही संकेतस्थळावरूनच क्रेडिट कार्डाने पैसे भरले. बाकीच्यांनी थेट पाठवले.

माल आला तेव्हा प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना जाड, अपारदर्शक हिरवा रंग फासलेला होता. टोके बंद करणे ही योग्य पद्धतच असल्याने त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. परंतु लाकडाची जात आणि वलयांची जाडी ज्या एका जागी निश्चित वाचता येते, नेमकी तीच जागा त्या रंगाखाली होती.

काही दांडे हाताला इतरांपेक्षा हलके लागले, म्हणून आमच्यातील एका ज्येष्ठ कारागिराने एका दांड्याच्या टोकाची चकती करवतीने कापून धारदार पात्याने गुळगुळीत केली आणि भिंगाखाली धरली. हिकरीच्या छेदात प्रत्येक वलयाच्या दाट भागात वलयांना समांतर अशा बारीक फिकट रेषा दिसतात आणि खोडाच्या मध्यापासून बाहेर जाणाऱ्या आडव्या रेषांशी मिळून त्यांचे जाळे तयार होते. या चकतीत जाळे नव्हते, विखुरलेले पांढुरके ठिपके होते. ते लाकूड ॲश नावाच्या दुसऱ्याच झाडाचे होते.

यामागचे कारण या भागात राहणाऱ्याला सहज समजेल. एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगेरा 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, पुढच्याच वर्षी ओहायोत पोहोचला आणि त्याने कोट्यवधी ॲश झाडे मारली. अशी मेलेली झाडे तोडून नेणाऱ्यालाच उलट पैसे मिळतात. चांगल्या, जिवंत ॲशचे धनुष्य उत्तम होते, परंतु उभ्या उभ्या वाळलेले ॲश इतके ठिसूळ होते की झाडे तोडणारे व्यावसायिकही त्यावर चढायला नकार देतात. आमच्या दांड्यांची पाठ तासून गुळगुळीत केलेली होती, आणि तिच्या कडेला या भुंगेऱ्याच्या अळीने कोरलेल्या नागमोडी खाचांचे अवशेष राहून गेले होते. त्या खाचा घालवण्यासाठी तासताना पाठीवरची वलये जागोजागी कापली गेली होती. असे धनुष्य पूर्ण ओढले असते तर पाठीवरून फुटून त्याचे तुकडे चेहऱ्यावर आले असते. पैशांपेक्षा मला याचाच अधिक संताप येतो, कारण त्यातील दोन दांडे आम्ही मुलांच्या धनुष्यांसाठी बाजूला ठेवले होते.

उरलेले दांडे हिकरीचेच होते, पण ओले. पिनांच्या मीटरने 9 टक्के ओल दाखवली. हे मीटर पिना जितक्या खोल जातात तितकेच मोजते, हे लक्षात घेऊन मधला तुकडा कापून वजन केले, 103 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवला आणि घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागले. आतली ओल 26 टक्के निघाली. दोन इंच जाडीचा, साल काढलेला दांडा दोन वर्षे कोठारात राहून इतका ओला राहूच शकत नाही. झाड नुकतेच पाडून वरचा थर तेवढा गरम हवेने सुकवलेला होता. एका दांड्यावर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे गोंद आणि भुशाने बुजवलेली आढळली आणि ठोकल्यावर त्यातून मैद्यासारखे पीठ सांडले. असे पीठ पाडणारे भुंगेरे हिकरीवरच थांबत नाहीत. घरातील बांबूच्या वस्तूंनाही ते लागतात, म्हणून तो दांडा आम्ही तत्काळ जाळला.

हिकरी मागवताना टोकाची रंग न लावलेली, ताजी कापलेली चकती आणि तिचे भिंगातून घेतलेले छायाचित्र मागावे. खरा कारागीर हे आनंदाने देतो. पाठ तासलेली असेल तर एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे का, हे विचारावे. दांड्याच्या बाजूंवर करवतीचे समान ओरखडे असतील, तर तो फोडलेला नसून कापलेला आहे आणि तंतू मध्येच बाहेर पडत असण्याचा धोका आहे. आलेला माल वाळलेला असल्याचे कितीही सांगितले तरी वजन लिहून ठेवून दर आठवड्याला पाहावे. वजन उतरत असेल तर लाकूड अजून वाळतेच आहे.

कार्डाने पैसे भरलेल्या सहकाऱ्याने, बिल पाठवल्यापासून 60 दिवसांच्या कायदेशीर मुदतीत, ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही अशी लेखी हरकत बँकेकडे नोंदवली आणि त्याची रक्कम परत मिळाली. थेट खात्यावर पाठवलेले आमचे पैसे आलेले नाहीत. विक्रेत्याने आधी लाकूड प्रवासात ओलावल्याचे सांगितले, नंतर फोन घेणे बंद केले. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय ग्राहक संरक्षण संस्थेकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे आम्ही चकत्या, वजनांच्या नोंदी आणि जाहिरातीच्या छायाप्रतींसह तक्रार केली आहे. तीच छायाचित्रे आता दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसत आहेत. हिरव्या टोकांचे दांडे ज्यांच्याकडे आले असतील, त्यांनी एक चकती कापून जपून ठेवावी आणि आपल्या राज्यातही तक्रार नोंदवावी.