जुन्या थिंकपॅड टी४३०चे अंतर्गत भाग बदलावेत का?

लेनोव्होने २०१२ साली बाजारात आणलेला थिंकपॅड टी४३० हा लॅपटॉप आजही रोजच्या वापराला योग्य करता येतो, असे माझे मत आहे. मात्र खर्च कोणत्या भागावर करायचा हे आधी ठरवायला हवे. सर्वांत मोठा फरक हार्ड डिस्क काढून तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (साटा जोडणीची, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्याने पडतो, कारण अशा लॅपटॉपचा बराचसा वेळ फिरत्या तबकडीवरची माहिती शोधण्यातच जातो. रॅमच्या (तात्पुरत्या कामाच्या मेमरीच्या) दोन स्लॉटमध्ये डीडीआर३ प्रकारची एकूण १६ जीबी रॅम मावते, तरी लेखन, हिशेब आणि ब्राउझर यांसाठी ८ जीबी पुरेशी आहे. ही दोन्ही कामे बॅटरी काढून, साध्या स्क्रू ड्रायव्हरने घरीच होतात. रॅम सोल्डर केलेल्या, म्हणजे बोर्डावर कायमची जोडलेल्या, आजच्या अनेक पातळ लॅपटॉपांत ही सोय उरलेली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

प्रोसेसर सॉकेटमध्ये (काढता येणाऱ्या खाचेत) असल्याने तोही बदलता येतो, पण थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा लेप) नव्याने लावण्याचा खटाटोप आणि वाढणारी उष्णता पाहता लाभ थोडाच. वायफाय कार्डाच्या बाबतीत तर मूळ बायोस (लॅपटॉप सुरू करणारी अंगभूत प्रणाली) ठरावीक कार्डेच स्वीकारतो.

एक मर्यादा मात्र कोणताही भाग बदलून दूर होत नाही. विंडोज ११साठी टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर अधिकृतपणे आवश्यक आहे, तर या लॅपटॉपमध्ये तिसऱ्या पिढीचा आहे. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरण्याची तयारी असणाऱ्यांनीच हा खर्च करावा.