शाळेचं पालक-पोर्टल जवळजवळ वर्षभर वापरल्यावर: इंदूरहून एका आईचा अनुभव

एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू झालं आणि मुलांच्या शाळेने कागदी डायरी बंद केली. गृहपाठ, हजेरी, चाचण्यांचे गुण, फी, बस कुठवर आली, सगळं एका ॲपवर. मोठा दहावीत, धाकटी सातवीत, शाळा सीबीएसईची. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यात, म्हणजे बऱ्यावाईटाचा अंदाज यावा इतका वापर झालाय. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण ॲप शाळा निवडते. पालकाच्या हातात असतं ते एवढंच की ते कसं वापरायचं, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

आधी जे मनापासून आवडलं ते सांगते. दहावीला लेखी परीक्षा ८० गुणांची आणि शाळेकडचे अंतर्गत २०. त्या २० मध्ये नियतकालिक चाचण्या, वर्गातलं इतर मूल्यमापन, पोर्टफोलिओ आणि विषयाशी जोडलेले उपक्रम, प्रत्येकी ५. डायरीच्या काळात हे गुण कुठून येतात ते पालकांना शेवटपर्यंत कळत नसे. पोर्टलवर प्रत्येकाचा वेगळा रकाना आहे. दिवाळीच्या आधी सामाजिक शास्त्राच्या पोर्टफोलिओचा रकाना रिकामा दिसला. मोठ्याला विचारलं तर म्हणाला, ‘दिलीय ना फाईल!’ आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. फाईल त्याने मित्राकडे दिली होती, दोघांची मिळून जमा करायला, आणि मित्र तापाने घरी होता. संध्याकाळी सुदामा नगरला जाऊन ती आणली आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या हातात गेली. हे मार्चमध्ये कळलं असतं तर काही करता आलं नसतं. दहावीतल्या मुलाच्या आईबाबांनी बाकी काही बघितलं नाही तरी हा एक भाग महिन्यातून एकदा बघावाच.

दुसरा फायदा माझ्या ध्यानीमनी नव्हता. सगळ्या विषयांचा गृहपाठ तारखेप्रमाणे एकाखाली एक दिसतो. प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयाचं देतात, आणि दुसऱ्यांनी त्याच दिवशी काय दिलंय हे त्यांना ठाऊक नसतं. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नाहीच, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला फार तर एक तास. धाकटीच्या एका गुरुवारी गणिताचा अख्खा स्वाध्याय, संस्कृतची शब्दरूपं, हिंदीचा निबंध आणि विज्ञानाचा रंगवलेला तक्ता, चारही शुक्रवारी द्यायचे. रात्री साडेदहाला पोरगी तक्त्यावर पानाच्या शिरा काढत बसलेली आणि डोळे मिटतायत. पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षकांच्या बैठकीला, मी तेच पान उघडून तिच्या क्लास टीचरसमोर धरलं. तक्रारीचा सूर अजिबात ठेवला नाही. त्या मनापासून म्हणाल्या, ‘ताई, हे असं एकत्र आम्हाला दिसतच नाही.’ शिक्षकांच्या लॉगिनमध्ये त्यांचा स्वतःचाच विषय उघडतो! त्यानंतर सातवीच्या वर्गात तक्ते आणि प्रकल्प सोमवारी द्यायचे आणि पुढच्या सोमवारी घ्यायचे असं ठरलं, आणि ते आजही पाळलं जातं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या पोर्टलची ऋणी आहे.

आता गुणांच्या सूचनेबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

शिक्षकांनी चाचणीचे गुण भरले की त्याच क्षणी पालकांच्या फोनवर सूचना येते. बहुतेकदा दुपारी, मुलं अजून वर्गात किंवा बसमध्ये असताना. मी ती सूचना पहिल्याच आठवड्यात बंद केली होती, पण मुलांच्या बाबांच्या फोनवर सुरू राहिली. जुलैत धाकटीच्या गणिताच्या चाचणीचे गुण आले, २० पैकी १२. बाबांनी काळजीपोटी घरी फोन केला आणि सासूबाईंना सांगितलं. पोरगी साडेतीनला बसमधून उतरून धावत घरी आली, दप्तर पाठीवरच, तोंड उघडणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, ‘अगं, बाराच का पडले?’ ती तिथेच थांबली. जे सांगायला आली होती ते संध्याकाळी उशिरा, माझ्याजवळ, तुकड्यातुकड्यांत बाहेर आलं. पेपर कठीण होता, वर्गात सगळ्यात जास्त १४ होते. आणि एक उदाहरण तिने वेगळ्या पद्धतीने सोडवलं होतं, ते सरांनी फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाला दाखवलं होतं. पोर्टलच्या रकान्यात यातलं काहीच नाही. तिथे फक्त १२.

आजींचा यात काही दोष नाही, त्यांचा नातीवर जीव आहे. त्यांच्या हातात नुसता आकडा पडला आणि आकड्यावर माणूस हेच विचारणार. पण आपली बातमी आपण सांगण्याचा मुलांचा हक्क आहे, मग ती चांगली असो नाहीतर वाईट. ‘आई, आज जरा गडबड झाली’ हे वाक्य आपणहून म्हणायला मुलाला धीर गोळा करावा लागतो, आणि तसं करतच तो धीर अंगात येतो. आपल्याला सगळं आधीच ठाऊक असेल तर मूल ते म्हणायचं सोडून देतं.

तेव्हापासून घरात एक पद्धत आहे. गुणांची सूचना दोन्ही फोनवर बंद. रविवारी सकाळी चहानाश्त्यानंतर मुलं स्वतः पोर्टल उघडतात, फोन त्यांच्या हातात, आणि ती दाखवतील ते आम्ही बघतो. आजीही बसतात. मोठा सुरुवातीला कुरकुरायचा. आता तोच सांगतो की इथे प्रॅक्टिकलचे गुण अजून भरलेले नाहीत, उद्या सरांना विचारतो. दहावीतल्या मुलाने आपल्या कामाचा हिशेब स्वतः ठेवावा, याहून मला पोर्टलकडून काही नको.

बाकी त्रासाच्या गोष्टी आहेतच. ‘पेंडिंग’ असं लाल अक्षरात दिसलं म्हणजे काम राहिलंच आहे असं मुळीच समजू नका. धाकटीचा हिंदीचा निबंध वहीत पूर्ण होता, खाली मॅडमची सही आणि तारीखही होती, तरी पोर्टलवर तो आठवडाभर पेंडिंग होता. एका वर्गात चाळीसेक मुलं, तपासणं झाल्यावर प्रत्येकाच्या नावापुढे खूण करायला शिक्षकांना शनिवारीच वेळ मिळतो. आधी वही बघा, मग मुलाला विचारा, पोर्टल त्यानंतर.

हजेरीकडे मात्र लक्ष ठेवा. पावसाळ्यात कलेक्टरांचा सुट्टीचा आदेश रात्री उशिरा येतो, व्हॉट्सॲपवर तो आधी पोचतो आणि पोर्टलला पत्ताच नसतो. एकदा अशा सुट्टीला अख्खा दहावीचा वर्ग गैरहजर लागला. बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळे चूक दिसली की त्याच आठवड्यात लेखी कळवून दुरुस्त करून घेतलेली बरी. आमच्या शाळेने लगेच केली.

ओटीपीचा ताप वेगळाच. एका मुलामागे एकच नंबर नोंदवता येतो, आणि प्रवेशाच्या वेळी बाबांचा दिला गेला. ते पीथमपूरला कारखान्यात, फोन गेटवर जमा. फीची शेवटची तारीख असली की मी इथे ओटीपीची वाट बघत, आणि फोन तिकडे खोक्यात वाजतोय. मुलांचं शाळेचं जिथे आई बघते त्या घरांनी अर्जावर आईचाच नंबर घालावा.

परवानग्यांबद्दलही सांगते. ॲप लोकेशन आणि फोनमधले कॉन्टॅक्ट मागतं. मी दोन्ही नाकारले, तरी सगळं सुरळीत चालतं. बसचा ठावठिकाणा बसमधल्या जीपीएसवरून कळतो, आपल्या फोनची जागा त्यांना कशाला हवी? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायला सांगितलीय. तेव्हा शाळेतून संमतीचा कागद आला की वाचून सही करा, आणि कुठली माहिती कशासाठी घेताय हे विचारायला संकोच करू नका.

पीटीएमला आम्ही काही पालकांनी मिळून शाळेला अर्ज दिलाय. दोन मागण्या आहेत: गुण संध्याकाळी सहानंतरच पालकांना दिसावेत, आणि प्रत्येक मुलामागे दोन नंबर असावेत. पहिली मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथे मान्य केली, नव्या सत्रापासून लागू होईल. दुसरी ॲपच्या कंपनीकडे पाठवलीय, त्यांच्याकडून अजून उत्तर नाही.